जिवाकाकांची टिटवी

"काल जिवाची सीता रामार डाफारली," भास्कर धुरींनी पायरीवर वहाणा काढता काढता सांगितलं. "तीस वर्सां कंपनी चालवतंय. रावणार डाफारलेली सीता बघितलंय. रामार डाफारलेली पयल्यांदाच."

मी पडवीत पेजेचा वाडगा घेऊन बसले होते. चमचा वाटेतच थांबला.

"काय म्हणाली?" सुलूकाकींनी आतून विचारलं.

"राम म्हणता, सीते, वनात काटे आसत, तू हयच रव. तर हो कमरेर हात ठेवन म्हणता, 'स्वामी, हे ठरवताना मला विचारलं होतं का?' लोक हसले. रामाक पुढचा सुचेना. राम गप्प रवलो तर रामायण थयच संपता, वैनी."

जिवाकाका खांबाला आरसा टांगून दाढी करत होते. तीस वर्षं बायकांची कामं करणाऱ्या माणसाला दाढीची सुट्टी नसते.

"कवडो भांडकुदळ असता," साबणाच्या फेसाआडून ते शांतपणे म्हणाले. "शास्त्रिणीन सांगितल्यान. मगे सीता तरी गरीब कशी रवतली?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी चमचा तोंडात घातला.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शास्त्रीण म्हणजे मी. खरं नाव कालिंदी इंगळे, गाव बुलढाण्याकडचं, तेव्हा वय तेवीस, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन जेमतेम नऊ महिने झालेले. आमच्या सरांचा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा प्रकल्प होता आणि त्यातल्या टिटव्या माझ्या वाट्याला आल्या होत्या. साकववाडीच्या वर जांभ्या दगडाचा मोठा सडा आहे. मैलभर उघडा कातळ, मध्ये मध्ये करवंदीच्या जाळ्या. तिथली टिटव्यांची घरटी शोधायची, अंडी मोजायची, पिल्लं निघेपर्यंत नोंदी ठेवायच्या, असं तीन महिन्यांचं काम. राहायला मेस्त्रींची मागची खोली मिळाली. घरात जिवाजी मेस्त्री आणि सुलूकाकी दोघंच. मुलगी लग्न होऊन गोव्याला.

जिवाकाका धुरींच्या दशावतारी कंपनीत स्त्री-पार्टी होते. दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. मालक रंगपटात आख्यान सांगतो, कोणी काय करायचं ते सांगतो, आणि नट लोकांसमोर जाऊन आपल्या मनाने बोलतो. मनाने बोलायचं तर आत कोणीतरी बसलेलं असावं लागतं, असं काकांचं म्हणणं. त्यांच्या आत प्राणी बसलेले असत. सीतेच्या आत कवडा होता, कबुतराच्या जातीतला गरीब पक्षी. मान किंचित कलती, पाऊल टाकण्याआधी क्षणभर विचार. कैकेयीच्या आत मांजर होती, पिल्लासाठी सात घरं फिरणारी आणि आठवं घर मोडलं तरी मागे न बघणारी. द्रौपदी म्हणजे डूख धरलेली नागीण. काकांच्या आईने भात कांडताना सांगितलेल्या गोष्टींतून हे सगळे आले होते, आणि तीस वर्षं इमानेइतबारे काम करत होते.

मग मी राहायला आले.

"नाग डूख धरत नाही, काका," मी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं. "माणूस लक्षात ठेवून सूड घ्यायचा, एवढा त्याचा मेंदू नसतो."

"मगे केस मोकळे सोडून तेरा वर्सां द्रौपदी काय करी?"

"ते मला सांगता येणार नाही."

"आणि मांजर?"

"मांजर पिल्लं हलवते ती वासामुळे. शत्रूला वास लागू नये म्हणून. त्यात स्वार्थ असतो, असं म्हणता येणार नाही."

"कवडो तरी गरीब आसा मा?" काकांनी जरा काकुळतीनेच विचारलं होतं.

मी त्यांना कवड्यांच्या मारामाऱ्यांबद्दल सांगितलं. पंखांनी कसे फटके मारतात ते हातवारे करून दाखवलं. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. मला स्वतःला नवी माहिती मिळाली की आनंद होत असे.

"तिनी गेली," धुरी आता बोटांवर मोजत म्हणाले. "गेल्या म्हयन्यात द्रौपदी मधीच थांबली नि भीमाक इचारूक लागली, 'नाथ, मला नक्की राग आलाय का?' त्याच्या आदी कैकेयी रडली. आता सीता. जिवा, तुजे प्राणी संपले."

"नवे येतले."

"कधी? तू अठ्ठावन वर्सांचो झालंस." धुरी पायरीवर बसले. माणूस आवाजाने मोठा होता, पण पुढचं त्यांनी हळू सांगितलं. "आयतवारी तालुक्याक स्पर्धा आसा, दुपारी तीन वाजता. राणी दिनेश गावडे करतलो. तू दासी कर."

काकांच्या हातातला वस्तरा थांबला. आतल्या भांड्यांचाही आवाज थांबला. तीस वर्षांत काकांनी दासी केली नव्हती.

"पाच मिन्टांचा काम," धुरी म्हणाले. "लोकांनी घेतली तर पुढच्या हंगामात बघू. नाय घेतली तर कार्तिकापासून तू पेटारो सांभाळ."

पेटारा म्हणजे कंपनीची वेताची मोठी पेटी. तिच्यात मुकुट, साड्या, शस्त्रं आणि गणपती. खेळाआधी तिची पूजा होते, तिला पाय लागू देत नाहीत. मान मोठा आहे. फक्त पेटारा सांभाळणाऱ्या माणसाला रंगमंचावर कोणी बघत नाही.

"तीस वर्सां ह्या घरात राणी तोच आसा," काकी कोकम सरबताचा पेला घेऊन बाहेर आल्या. "दासी कशी असता ता माका इचार म्हणाचा."

धुरींनी सरबत पिऊन पेला खाली ठेवला आणि जाताना माझ्यासमोर थांबले.

"माजो शकुनी कोल्ह्यार चालता," ते म्हणाले. "तेका हात लावचो नाय."

"कोल्हा तसा लबाड नसतो खरं तर," माझ्या तोंडून निघून गेलं. "जोडीने राहतो, नर पिल्लांना खायला आणून..."

"वैनी, हिका आनी पेज वाढा," धुरी म्हणाले आणि निघून गेले.

त्या दुपारी मी खोलीचं दार लावून घेतलं आणि नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पत्र लिहिलं. 'आदरणीय सर, अडतीस दिवसांत मला फक्त तीन घरटी सापडली. सड्यावर किमान वीस जोड्या आहेत. हे काम मला जमण्यासारखं नाही. माझ्या जागी दुसऱ्या कोणाला पाठवावं.' सही आणि तारीख मोकळी ठेवली. रविवारी स्पर्धा, सोमवारी तालुक्याला जाऊन पोस्टात टाकायचं. एका माणसाची तीन कामं माझ्यामुळे गेली आणि माझं स्वतःचं एकही धड होत नव्हतं. हिशेब सरळ होता.

संध्याकाळी जेवताना मी नेहमीपेक्षा जास्त बोलले. सापाला बाहेरून दिसणारे कान का नसतात ते पोळीचा तुकडा हातात घेऊन समजावून सांगितलं. काकी हूं हूं करत होत्या. काका माझ्याकडे बघत होते, सापाकडे त्यांचं लक्ष दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी निघाले, तर काका काळी छत्री काखेत मारून अंगणात उभे.

"खय?" मी त्यांच्यासारखंच विचारलं.

"सड्यार. दासी शोधूक."

वर पोचल्या पोचल्या पहिली टिटवी उठली आणि आमच्या डोक्यावरून ओरडत गोल फिरू लागली. मी नेहमीप्रमाणे ती उठली त्या दिशेला धावले, खाली वाकून कातळ न्याहाळला, चार पावलं पुढे, परत वाकले, वहीत टिपलं. टिटवीचा आवाज चढत गेला. अर्ध्या तासात मी चार जागा पाहिल्या. एकही अंडं नाही. परत आले तर काका करवंदीच्या जाळीजवळ छत्री उघडून तिच्या सावलीत बसलेले.

"माझी आये सांगी," ते म्हणाले, "टिटवी रात्री पाठीर निजता. पाय वर करून. आभाळ पडला तर धरूक व्हया म्हणान. तिका वाटता, ह्या सगळा आपल्याच पायांर आसा."

"असं काही नसतं, काका. टिटवी उभ्याने किंवा जमिनीवर बसून झोपते. पाठीवर झोपते असं म्हणता येणार नाही."

"व्हय तर." त्यांनी छत्री जराशी सरकवून मला सावलीत जागा केली. "मगे ती खरी कशी आसा ता सांग. तू शिकलंस ता."

इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच आपणहून विचारलं होतं. मी सांगत सुटले. घरटं म्हणजे नुसता खळगा, भोवती खडे. अंडी चार, रंग कातळासारखा. उन्हात अंडी तापली की टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि त्यांच्यावर बसते. शत्रू जवळ आला की ओरडते. त्याने ऐकलं नाही तर कधी कधी पंख मोडल्यासारखा ओढत त्याला लांब नेते. कधी तर भलत्याच जागी अंड्यांवर बसल्याचं सोंग घेते.

"सोंग?" काका सावरून बसले.

"म्हणजे आम्ही त्याला तसं म्हणत नाही, पण..."

"आमी म्हणताव. आणि ही आराडता ती घरट्यार बसान आराडता?"

"छे. माणूस लांबून दिसला की ती गुपचूप उठते. आवाज न करता पायांनी पळत लांब जाते आणि मग तिकडून उडून ओरडायला..."

मी बोलता बोलता थांबले.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत ह्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आणि अडतीस दिवस मी, टिटवी जिथून उडाली तिथे धावत जाऊन वाकून बघत होते.

काकांनी मला बोलून दाखवलं नाही. फक्त म्हणाले, "बस जरा. हालू नको. मी कवड्याक बगूक तीन म्हयने बसलेलंय."

आम्ही बसलो. पहिली दहा मिनिटं मी तीनदा घड्याळ बघितलं आणि एकदा वही उघडली. काकांनी ती हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली. ऊन चढलं. टिटवी ओरडून ओरडून थकली, समोर उतरली, गप्प झाली. मग तुरुतुरु चार पावलं पळाली, एकदम थांबली, पुढे झुकली, सरळ झाली, पुन्हा चार पावलं. पाऊण तासाने, आमच्यापासून वीस पावलांवर, जिथून मी सकाळी दोनदा गेले होते तिथे ती अंग सैल करून खाली बसली.

चार अंडी होती. मी मोजमापं दोनदा घेतली. काका बाजूला उभं राहून वहीची पानं धरत होते, वारा होता म्हणून.

परतताना त्यांनी मला पुढे चालायला सांगितलं. "जरा भरभर चल बघू," म्हणाले. थोड्या वेळाने, "आता थांब." मग, "वाकान काय बघतलंस? बघ." मला वाटलं, पायवाटेवर त्यांना काही दिसलं असावं.

पुढचे चार दिवस सकाळी मी छत्री घेऊन एकटी सड्यावर बसले आणि आणखी पाच घरटी सापडली. तरी पत्र मी फाडलं नाही. घरटी सापडली हे काकांच्या छत्रीमुळे. माझी अक्कल किती ते अडतीस दिवसांनी दाखवलं होतंच. शिवाय काकांचं काय होणार हे अजून ठरायचं होतं. ते तालीम करताना दिसत नव्हते. दुपारी पडवीत बसून मला उगाच काहीतरी विचारत. "शास्त्रीण, सुपारी फळ की बी?" मी सांगे. "माजरीक घाम येता?" मी सांगे. आत काकी पदर तोंडात धरून हसत असल्यासारख्या वाटत. शनिवारी मी घाबरून विचारलं, "काका, दासी सापडली का?"

"सापडली मा. घरातच होती."

मला वाटलं, काकींबद्दल बोलतायत.

रविवारी नाट्यगृह भरलं होतं. साकववाडीहून टेम्पो भरून माणसं आलेली. काकी आणि मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलो. आख्यान साधं होतं. सत्यध्वज राजा युद्धात पडतो. शत्रू वज्रबाहू नगरात शिरतो, त्याला राजाचं तान्हं मूल मारायचं आहे. राणी आणि दासी मूल घेऊन रानातल्या देवळात लपतात. वज्रबाहू येतो, मूल सापडणार एवढ्यात देवी प्रकट होते आणि त्याचा वध करते. दासीने फक्त राणीला धीर द्यायचा आणि वज्रबाहू आला की त्याच्या हातून एका वाराने मरायचं. पाच मिनिटं धुरींनी मोजूनच सांगितली होती.

पडद्यामागून राणी आली. दिनेश गावडे छान दिसत होता. तिच्यामागून दासी आली, आणि मला पहिल्यांदा फक्त तिची चाल दिसली. तुरुतुरु चार पावलं, एकदम थांबणं, कमरेत वाकून जमिनीकडे बघणं, सरळ होणं, पुन्हा चार पावलं. कानामागे एक काडी खोचलेली. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सतत काहीतरी मोजतोय.

मी पेन्सिल कानामागे ठेवते. अंगठ्याने पेरं मी मोजते.

"अगं, वनात चहूकडे अंधार दाटला आहे," राणी म्हणाली.

"दोन बाजूंनी दाटलाय, राणीसाहेब," दासी म्हणाली. "पश्चिमेला अजून उजेड आहे. चहूकडे, असं म्हणता येणार नाही."

मागून हशा आला. राणी गडबडली, पण दिनेशही दशावतारीच होता. "सखे, माझं काळीज फाटलं गं."

"काळीज फाटलं असतं तर राणीसाहेब बोलू शकल्या नसत्या."

नाट्यगृह कोसळलं. साकववाडीच्या दोन रांगा माना वळवून माझ्याकडे बघू लागल्या. कोणीतरी म्हणालं, "गे माये, ही तर आमची शास्त्रीण." काकी पदराने डोळे पुसत होत्या.

"मी अशी आहे?" मी त्यांना विचारलं.

"नाय गो," काकी म्हणाल्या. "तू जरा जास्तच."

एक गोष्ट मला नीट समजली: चार दिवस सुपारी आणि मांजरीचा घाम कशासाठी चालला होता ती. लोक हसत होते म्हणजे काकांचं काम होत होतं, आणि ते मला हवंच होतं. तरी उठून बाहेर जावंसं वाटलं. काकींनी माझं मनगट धरून ठेवलं नसतं तर गेलेच असते.

मग धुरी आले. वज्रबाहूच्या वेशात, ताशाच्या कडकडाटात, विंगेतून नुसता आवाज आधी. राणी मूर्च्छा येऊन पडली. तान्हं मूल म्हणजे लाल कापडात गुंडाळलेलं बोचकं, बांबूच्या रोवळीत ठेवलेलं, रंगमंचाच्या मधोमध. उघड्यावर.

आता दासीने रोवळीला मिठी मारायची आणि मरायचं, असं ठरलं होतं.

दासीने रोवळीकडे बघितलंसुद्धा नाही. ती गुपचूप उठली. काहीही न बोलता, पावलांचा आवाज न करता रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. लोक अजून हसायच्या तयारीत होते. त्या रिकाम्या कोपऱ्यात पोचल्यावर तिने पाठ वळवली, जमिनीवर बसली, पदर अंगाभोवती पसरला, आणि मग ओरडली.

तो आवाज मी दीड महिना ऐकला होता. शब्द माणसाचे होते: "येऊ नका. इकडे येऊ नका. इथं कोणी नाही."

वज्रबाहू आत आला. धुरींना ह्यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या पहिल्या पावलावरून कळलं. त्यांनी आधी मधल्या रोवळीकडे बघितलं, कारण मूल तिथे होतं. दासीचा आवाज फाटला. ती उठली आणि पळू लागली, पण डावा हात खांद्यातून निखळल्यासारखा, पदर जमिनीवरून ओढत. पडली. उठली. वज्रबाहू एक पाऊल रोवळीकडे गेला, ती त्याच्या पुढ्यात येऊन पडली आणि पुन्हा सरपटत दूर गेली. हाताला येईल एवढ्या अंतरावर, पण हाताला न येता. काही क्षण धुरी खरोखर अडकलेले दिसले. मग ते तिच्यामागे गेले.

मघाची तीच दासी होती, तीच वाकून बघायची लकब, तोच मोजणारा अंगठा. पण आता ती काय मोजत होती ते सगळ्यांना कळत होतं. रोवळीपासूनचं अंतर. वज्रबाहूला तिने पायऱ्यांवरून खाली आणलं, प्रेक्षकांमधून नेलं, आमच्या रांगेशेजारून, इतक्या जवळून की मला तिच्या गालावरचा ओघळलेला लाल रंग दिसला. मागच्या दारापाशी पोचल्यावर ती वळली. रंगमंच लांब राहिला होता. ती ओरडायची थांबली, हात सरळ केला, आणि वज्रबाहूला म्हणाली,

"आता मारा. तुम्ही फार लांब आलात."

पाच मिनिटांचं काम सव्वीस मिनिटं चाललं. मी घड्याळ खेळ संपल्यावर बघितलं.

रंगपटात काका पेटाऱ्याजवळ खाली बसून खोबरेल तेलाने चेहरा पुशीत होते. अर्धा चेहरा दासीचा, अर्धा त्यांचा. काकी त्यांच्या केसांतल्या पिना काढत होत्या. धुरी मुकुट काखेत घेऊन आले. त्यांना धाप लागली होती.

"माका फरपटत न्हेलंस," ते म्हणाले. "लोकांच्या मधून. माज्या कंपनीत, माकाच."

"तुमी इलात म्हणान न्हेलंय," काका म्हणाले.

धुरींनी मुकुट पेटाऱ्यात ठेवला. "माजो कोल्हो खुळो केलंस," ते शेवटी म्हणाले, मग पेटाऱ्याकडे बघून, "हेका सांभाळूक दुसरो कोण तरी बघूक व्हयो." आणि जाताना माझ्याकडे न बघता, "शास्त्रिणीक कोल्ह्याचा काय ता सांगूक सांग एक दिवस. आयकान तरी घेतंय."

ते गेल्यावर मी काकांसमोर बसले.

"मी चाळीस वेळा म्हणते का हो, 'तसं म्हणता येणार नाही'?"

"एकेचाळीस," काकी म्हणाल्या. "गुरवारी मोजलेलंय."

"राग इलो?" काकांनी विचारलं.

"पहिल्यांदा आला. मग... मला वाटलेलं, तुम्ही तुमच्या आईची टिटवी घेणार. पाय वर करून झोपणारी."

"ती पन आसा तुज्यात. आभाळ धरून बसलेली. माजी तिनी कामां तुज्यामुळे गेली, असा तुका वाटता मा? गो, माजो आवाज दोन वर्सांमागेच गेलो. कवड्याचा निमित्त झाला." त्यांनी तेलाचं बोट कपाळावरून फिरवलं. "पन पुढची टिटवी तूच दिलंस. ती आराडता थय अंडी नसतत, ह्या तूच सांगितलंस. मगे मी बघूक लागलंय. तू जेवताना सापाच्या कानांर आराडतंस, माजरीच्या घामार आराडतंस. म्हटला, हिची अंडी खय आसत?"

मी पिशवीतल्या वहीवर हात ठेवला.

"सड्यार वारो होतो," ते म्हणाले. "पानां उलटत होती. मी वाचूक नाय. फक्त 'आदरणीय' दिसला."

काकी पिना मोजून डबीत ठेवत होत्या. त्यांना ठाऊक होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्याही शेवटी एका नटाची बायको.

"कापूस संपलो," काका म्हणाले. लाल रंग तेलात मिसळून गळ्यापर्यंत उतरला होता. "कागद आसा गो तुज्याकडे?"

मी वही काढली. शेवटचं पान फाडलं, चुरगाळून मऊ केलं आणि त्यांना दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं नाही. घडी करून गालावर फिरवलं. निळी अक्षरं लाल झाली, मग तेलकट, मग काहीच नाही. दासी हळूहळू निघून गेली आणि दाढीची खुंटं दिसू लागली.

"मगे पिल्लां निघासर रवतलंस?" त्यांनी विचारलं.

मी अंगठ्याने पेरं मोजली. काकांबरोबर सापडलेल्या घरट्यातली अंडी फुटायला अजून बावीस दिवस होते.

"तसं म्हणता येईल," मी म्हणाले.